प्रकरण चौदावे : नाव नसलेली तबकडी

ग्लेनरॉयने जेवणाआधीची प्रार्थना लांबवली तेव्हाच मार्वाने ओळखलं, की आज मटणाबरोबर भांडणही वाढलेलं आहे.

तिचा हा थोरला भाऊ आठवड्यातले सहा दिवस बस चालवायचा आणि सातव्या दिवशी चर्चमध्ये डीकन, म्हणजे पास्टरचा मदतनीस, असायचा. मागून होणारी ओरड ऐकू न येण्याचा सराव त्याला दोन्हीकडे झालेला होता. त्याने डोळे मिटून देवाचे आभार मानले. अन्नाबद्दल मानले, डॅडींच्या गुडघ्याबद्दल मानले, ड्युटीच्या नव्या तक्त्याबद्दल मानले, आणि मग आवाज किंचित खाली आणून म्हणाला, "आणि हे प्रभू, इमारतीच्या गच्चीवरचा एरियल म्हणजे स्वर्गात नेणारी याकोबाची शिडी नव्हे, हे ज्या तरुण जिवांना अजून उमगलेलं नाही, त्यांच्यावरही तुझी कृपा असू दे."

"आमेन," डॅडी, म्हणजे ऑल्विन पिनॉक, घाईने म्हणाले. ते शहात्तर वर्षांचे होते आणि भात निवत होता.

तो तरुण जीव समोरच बसला होता. ग्लेनरॉयची मुलगी केझाया, वय चोवीस. तिने 'आमेन' म्हटलं आणि मॅकरोनीच्या भांड्याशेजारी एक कागद ठेवला.

कागद अल्बियन रेडिओचा होता. पिनॉकांच्या घरात हा रेडिओ चाळीस वर्षं बातम्या आणि क्रिकेटसाठी लागत आला होता, आणि त्याने केझायाचं 'पंधरावा मजला' हे गाणं लावायचं ठरवलं होतं. ही बातमी घरात गुरुवारीच फुटली होती. तोवर हे गाणं फक्त व्हर्टिगो एफएमवर वाजायचं. व्हर्टिगो हे विनापरवाना चालणारं चोरटं केंद्र. केझाया आणि तिचे दोस्त लंडनच्या डेटफर्ड भागातल्या कुठल्या तरी उंच इमारतीच्या गच्चीवर एरियल उभा करत, आणि कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, माणसं येऊन तो कापून नेत. ही माणसं पाठवणाऱ्या कचेरीत मार्वा नोकरीला होती. भाचीने चढवायचं, आत्याच्या खात्याने उतरवायचं, आणि रविवारी दोघींनी शेजारी बसून जेवायचं, असं तीन वर्षं सुरळीत चाललं होतं.

"दोन रकाने राहिलेत," केझाया म्हणाली. "सहाच्या आत पाठवायचंय. कुठलं गाणं कधी लावायचं त्याची उद्या सकाळी बैठक आहे. रकाने रिकामे राहिले तर गाणं बैठकीपर्यंत जाणारच नाही."

"मग भर की," मार्वा म्हणाली. "आणि केळी इकडे सरकव."

"पहिला रकाना, संगीताचा प्रकार. पॉप, रॉक, डान्स, क्लासिकल, फोक, अर्बन, इतर."

"अर्बनवर खूण कर. केळी."

"अर्बनवर खूण केली की गाणं शनिवारी रात्री अकराच्या कार्यक्रमात जातं, आंटी. तिथेच जातं. दिवसा नाही लागत."

सगळ्यांनी ऑल्विनकडे बघितलं. 'पंधरावा मजला' या गाण्यात त्यांचा आवाज होता. चौतीस वर्षांपूर्वी ते स्वतःचा साउंड चालवायचे. म्हणजे कपाटाएवढे स्पीकर व्हॅनमध्ये घालून चर्चच्या हॉलांत, तळघरांत, लग्नांत नेऊन लावायचे, रेकॉर्ड वाजवायच्या, आणि त्यावर माइकमधून बोलायचे, गायचे, लोकांना नाचवायचे. त्यांना 'एम्परर पिनॉक' म्हणत. अल्बियन रेडिओला त्यांनी तेव्हा एक टेप पाठवली होती, आणि 'आमच्या श्रोत्यांसाठी हे योग्य नाही' असं सुरेख टाइप केलेलं उत्तर आलं होतं. ते पत्र त्यांनी बायबलात ठेवलं होतं, सोशिक ईयोबाच्या पुस्तकात. त्याच काळच्या एका कॅसेटमधून नातीने त्यांचा आवाज कापून घेतला होता आणि त्याच्या भोवती गाणं रचलं होतं. गुरुवारपासून ते शेजारपाजारी सांगत फिरत होते, की मी रेडिओवर येतोय.

"रात्री अकराला," ऑल्विन म्हणाले, "मी झोपलेला असतो."

"तुम्ही नऊला झोपता, डॅडी."

"साडेआठला," त्यांनी दुरुस्ती केली. मग विचारलं, "अर्बन म्हणजे काय?"

"शहरी."

"राणी कुठे राहते?"

"इथेच. लंडनात."

"मग तिच्या बँडलाही अर्बन म्हणतात?"

"नाही, डॅडी."

"आणि मी? मी तिकडे बेटावरचा, क्लॅरेंडनच्या खेड्यातला. आमच्या घरामागे तीन गायी होत्या आणि एक गाढव."

"तुम्ही अर्बनच," मार्वा म्हणाली. "गायीही अर्बन. गाढव तर आधी."

केझाया हसली, पण कागद तिने हातातून सोडला नाही. "डॅनी शीहनचं गाणं ऐकलंय ना सगळ्यांनी? माझ्या खोलीत केलं, माझ्याच मशीनवर, ताल माझा. त्याने हा रकाना रिकामा सोडून नुसता फोटो जोडला. फोटो बघून तिकडच्याच कोणी तरी 'डान्स' असं भरलं. रोज दुपारी साडेबाराला लागतं. लोक सँडविच खाताना ऐकतात."

"डॅनी चांगला मुलगा आहे," ऑल्विन म्हणाले.

"चांगलाच आहे, ग्रँडॅड. आणि गोराही आहे."

इतका वेळ ग्लेनरॉय मान खाली घालून जेवत होता. त्याला मुलीचं संगीत आवडत नव्हतं. हे लोक आपल्या संगीताला ग्राइम म्हणतात, म्हणजे काजळी. ज्याने स्वतःच्या पोराचं नाव काजळी ठेवलं त्याच्याशी काय बोलायचं, असं तो ड्रायव्हरांच्या कँटीनमध्ये सांगायचा. त्यामुळे त्याने काटा खाली ठेवला तेव्हा मार्वाने बचावाची तयारी केली.

"अर्बन नाही लिहायचं," तो म्हणाला. "ब्लॅक म्युझिक लिही. मोठ्या अक्षरांत."

मार्वाने केळ्यांचं भांडं आपणच ओढून घेतलं.

"तुम्हाला गाणं आवडत नाही ना, डॅड?"

"अजिबात नाही. कान किटतात. पण आहे कुणाचं ते कळू दे." त्याने वडिलांकडे बघितलं. "हाय स्ट्रीटवरचं ते दुकान आठवतं, डॅडी? आपल्या रेकॉर्ड काउंटरखाली असायच्या. मागून घ्याव्या लागायच्या. आजूबाजूला बघून, हळू आवाजात. मी बारा वर्षांचा होतो, मला वाटायचं आपण काही तरी वाईट विकत घेतोय. मग तुम्ही दारोदार फिरून सह्या गोळा केल्यात, आणि त्यांनी फळी दिली. वर पाटी. ब्लॅक म्युझिक. मी चर्चचा सूट घालून त्या फळीसमोर उभा राहिलो होतो." तो मुलीकडे वळला. "आणि ज्यांच्या जिभेवर 'ब्लॅक' हा शब्द अडतो, त्यांनी हे अर्बन काढलं. आम्ही सह्या करून मिळवलेलं नाव पुसून तू त्यांचं नाव लावणार?"

"मी कुठे लावतेय? मी तर नकोच म्हणतेय." केझायाचा आवाज मऊ झाला होता, वडील चर्चबाहेर इतकं सलग बोललेले तिने फारसे ऐकले नव्हते. "पण डॅड, ती फळी दुकानात कुठे होती?"

ग्लेनरॉयने काटा पुन्हा उचलला. "जिन्याखाली."

"झाडूशेजारी," ऑल्विन म्हणाले.

"पण होती!"

"असू दे ना. फळी असू दे. मला खिडकीतसुद्धा ठेवा, एवढंच म्हणतेय."

"आधी आत तर शिर," मार्वा म्हणाली. "काय लिहायचं ते लिही, आत जा, खुर्ची पकड, मग आरडाओरडा कर. मी कौन्सिलात तशीच शिरले. माझ्या अर्जावर काय काय खुणा केल्या होत्या त्या मलाच ठाऊक."

"तू तर बोलूच नकोस," ग्लेनरॉय म्हणाला. "पोरीचा रेडिओ तोडणारी तू."

"आंटी नसती तर व्हर्टिगो दोन महिन्यांत बंद पडलं असतं," केझाया म्हणाली, आणि लगेच तिने तोंडात मोठा घास घातला.

पण उशीर झाला होता. ग्लेनरॉयच्या कपाळावर हळूहळू हिशेब उमटू लागला. दर रविवारी, भात वाढता वाढता, मार्वा कंटाळलेल्या आवाजात आठवड्याचं काम सांगायची: बुधवारी आमची माणसं अमुक इमारतीत, शुक्रवारी तमुक. तिघं जेवत असायचे. त्यातलं एक जण लक्ष देऊन ऐकायचं.

"तीन वर्षं," ग्लेनरॉय म्हणाला, "मी ते ऐकून म्हणत आलो, की देव तुझ्या कामाला यश देवो."

"दिलं की," मार्वा म्हणाली. "भात घे अजून."

यावर ऑल्विन इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि पाणी पिऊन होईपर्यंत भाऊबहीण एकमेकांकडे बघत राहिले. ग्लेनरॉयला राग यायला हवा होता. पण मुलगी गच्चीवर असताना खाली कोणी तरी तिची काळजी घेत होतं, हे कळल्यावर राग नेमका कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. त्याने भात घेतला.

"दुसरा रकाना कुठला?" मार्वाने विषय बदलला.

"तो सोपा आहे. ग्रँडॅडच्या आवाजाखाली जी रेकॉर्ड वाजतेय, ती कोणाची? मूळ वाजवणाऱ्यांची नावं आणि एकाची तरी परवानगी. अनाथ ताल ते लावत नाहीत." केझाया आजोबांकडे वळली. "ग्रँडॅड, कोणाची आहे ती?"

ऑल्विननी घास चावायचं थांबवलं.

बाहेरच्या माणसाला यात अवघड काय असं वाटेल. रेकॉर्ड घरात आहे, पुढच्या खोलीतल्या ग्रॅममध्ये, म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्डप्लेअर एकत्र असलेल्या मोठ्या लाकडी पेटीत आहे, जाऊन नाव वाचायचं. पण ज्यांच्या घरात साउंड होता त्यांना उत्तर माहीत असतं. साउंडवाल्याची दौलत म्हणजे दुसऱ्या साउंडवाल्याकडे नसलेली रेकॉर्ड. दोन साउंडांचे सामने लागत, तिथे प्रतिस्पर्धी वाकून बघणार, नाव वाचणार, आठवडाभरात तीच पैदा करून आणणार. म्हणून रेकॉर्ड हाती आली की मधली गोल चिठ्ठी वाफेवर धरून खरवडून काढायची. सगळेच काढायचे. ऑल्विननी चमच्याने चिठ्ठी काढली होती, आणि कडेला कोरलेला बारीक आकडाही खिळ्याने खोडला होता. अर्धवट काम पिनॉकांच्या रक्तात नाही.

"आठवत नाही," ते म्हणाले.

"काहीच नाही?"

"चौतीस वर्षांपूर्वी मी ती कोणाला कळू नये अशी लपवली. आता मलाही कळत नाही. म्हणजे काम चोख झालं."

"डॅडी!"

"बाजारात एका खोक्यात मिळाली. वर काही तरी छापलेलं होतं. निळं. बँडचं नाव." त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. नातीच्या चेहऱ्याकडे बघायला त्यांना नको वाटत होतं. सह्या गोळा करणारा माणूस आणि चमच्याने नाव खरवडणारा माणूस एकाच घरात, एकाच सदऱ्यात राहत होता, हे आजवर कधी जाणवलं नव्हतं. "एका माणसाला ठाऊक असेल. मी ती लावली तेव्हा त्याचं तोंड बघितलं होतं मी. त्याने ओळखली होती."

कोण, असं कोणी विचारलं नाही.

एगबर्ट बकली, म्हणजे 'जनरल बकली', हे नाव या घरात सामन्याच्या दिवसापासून घेतलं जात नव्हतं. त्याआधी फार घेतलं जायचं. तरुणपणी दोघे डेटफर्डच्या एका खोलीत, एकाच पलंगावर पाळीपाळीने झोपत. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची दिवसपाळी, गादी कधी गार पडली नाही. ग्लेनरॉयच्या बाप्तिस्म्याचे गॉडफादर बकलीच. मग दोघांनी वेगवेगळे साउंड काढले, आणि शहात्तर साली चर्चच्या हॉलमध्ये चारशे माणसांसमोर सामना झाला. शेवटच्या फेरीत ऑल्विननी ती बिनचिठ्ठीची रेकॉर्ड लावली. हॉल पिसाळला. बकलींनी उत्तरादाखल काहीच लावलं नाही. वायरी गुंडाळल्या आणि निघून गेले. तेव्हापासून दोघे एकाच चर्चमध्ये, एक डाव्या बाजूला आणि एक उजव्या, आणि पास्टर दोन्हीकडे वेगवेगळा हात मिळवायचे.

"माझ्याकडे नंबर आहे," मार्वा म्हणाली. "त्यांचा नळ गळतो. तक्रार माझ्याकडेच येते." तिने डायल करून फोन वडिलांच्या हातात दिला. त्यांना नाही म्हणायला सवड मिळाली नाही.

"मिस्टर बकली," ऑल्विन म्हणाले. "पिनॉक बोलतोय."

पलीकडे रेडिओ बंद झाला. मग: "कोण गेलं?"

"कोणी नाही. सगळे जेवतायत."

"मग फोन कशाला केलात?"

"एक रेकॉर्ड आहे. शहात्तरच्या सामन्यातली. तुम्हाला…" त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तुम्हाला तिचं नाव माहीत असेल, असं मला वाटतं."

पलीकडे काठी जमिनीवर टेकली.

"फोनवर नाही सांगणार," बकली म्हणाले. "येतो."

ते आले तेव्हा साडेचार होत होते. चर्चचाच सूट, डोक्यावर हॅट, हातात काठी. दार ग्लेनरॉयने उघडलं.

"लठ्ठ झालास," गॉडफादर म्हणाले.

"हो, सर," ग्लेनरॉय म्हणाला. तो बावन्न वर्षांचा होता.

त्यांना स्वयंपाकघरात बसवायचं की पुढच्या खोलीत, यावर मार्वा आणि ग्लेनरॉय पॅसेजमध्ये खुणांनी भांडत होते, तोवर ऑल्विननी पुढच्या खोलीचं दार उघडलं. या खोलीत पास्टर बसत, डॉक्टर बसत, आणि शवपेटी ठेवली जाई. विणलेले रुमाल, काचेचे मासे, प्लॅस्टिक न काढलेला सोफा. बकली बसले नाहीत. हॅट छातीशी धरून ग्रॅमसमोर उभे राहिले.

"लावा," ते म्हणाले.

ऑल्विननी सुई ठेवली. खरखर झाली, मग ड्रम, मग ऑर्गन, आणि खालून खर्जातल्या गिटारीचा बास आला. सावकाश, जिना उतरणाऱ्या जड माणसासारखा.

केझाया दारात उभी होती. हे चार ठोके तिने गेल्या वर्षात हजारदा ऐकले होते, कापले होते, जोडले होते. त्यामुळे तिला ऐकायची गरज नव्हती. ती बघत होती. बकलींचं तोंड दगडासारखं होतं. पण हॅटच्या कडेवर त्यांच्या डाव्या हाताची बोटं चालत होती. तालावर नुसता ठेका धरणारी बोटं तिला माहीत होती. ही वेगळी होती. पुढचा सूर यायच्या आधी बोट तिथे पोचलेलं असायचं.

"मिस्टर बकली," ती म्हणाली, "हे तुम्ही वाजवलंय."

बोटं थांबली. रेकॉर्ड चालू राहिली.

"एकोणसत्तर," बकली शेवटी म्हणाले. "न्यू क्रॉसला एका न्हाव्याच्या दुकानाखाली तळघर होतं. आम्ही चौघं. एका दुपारी केलं. शंभर काढल्या, तीसही खपल्या नाहीत. बँडचं नाव 'क्रीकमेन'. निळी चिठ्ठी होती, छान होती. माणसांची नावं नव्हती त्यावर, पण बँडचं होतं."

"बाकीचे कोण?" ग्लेनरॉयने विचारलं. त्याच्या हातात पेन होतं. कधी घेतलं ते त्यालाही माहीत नव्हतं.

"ड्रमवर बार्बेडोसचा लॅशली. गिटारवर त्याचा मेहुणा, त्याला फक्त पोर्टर म्हणायचे. दोघेही गेले. ऑर्गनवर एक सायप्रसचा पोरगा, अँड्रियास, शेजारच्या खानावळीतला."

"सायप्रसचा?" ग्लेनरॉयचं पेन अडलं.

"आम्ही शिकवला त्याला."

"मग ठीक आहे," ग्लेनरॉय म्हणाला आणि लिहिलं.

ऑल्विननी सुई उचलली. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

"बर्टी," ते म्हणाले. चौतीस वर्षांनी त्यांच्या तोंडातून हे नाव आलं, आणि त्याबरोबर 'तू'ही. "त्या दिवशी तू बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्या हातात चिठ्ठी नसलेली रेकॉर्ड. समोर चारशे माणसं. हा बास माझा आहे म्हणालो असतो तर हसून हसून पडली असती. हरणारा काहीही म्हणतो."

"नंतर मला सांगायचंस."

"तू मला सांगायचंस, ऑल्विन." बकलींनी हॅटची कड सरळ केली. "खोक्यात ती मिळाली तेव्हा. चिठ्ठी काढायच्या आधी. एकदा म्हणायचंस, बर्टी, ये, ऐक काय मिळालंय. दुसरं काही मिळालं की म्हणायचास ना तू?"

ऑल्विननी ग्रॅमचं झाकण लावलं. बोलण्याजोगं एकच होतं, आणि ते खरं होतं म्हणून अवघड होतं.

"तुझ्यापासूनच लपवली होती," ते म्हणाले.

"माहीत आहे," बकली म्हणाले, आणि सोफ्यावर बसले. प्लॅस्टिक करकरलं. "काही खायला आहे का?"

मार्वाने मटण आणि नारळाच्या दुधातला राजमा-भात गरम करून आणला. पुढच्या खोलीत जेवण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि भिंतीवरच्या फोटोतून दिवंगत मिसेस पिनॉक ते बघत होत्या. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. परवानगीच्या जागी बकलींनी सही केली. ती करायला त्यांना लॉर्ड मेयरला लागेल तेवढा वेळ लागला.

"पहिला रकाना राहिलाय," केझाया म्हणाली. "मिस्टर बकली, तुम्ही काय म्हणायचात या संगीताला?"

"आम्ही काही म्हणायचो नाही. वाजवायचो." त्यांनी हाड बशीत ठेवलं. "कारखान्यातून शंभर रेकॉर्डचं खोकं आलं, त्यावर शिक्का होता. 'कलर्ड, किरकोळ.' कलर्ड म्हणजे आम्ही. ते खोकं मी बरीच वर्षं ठेवलं. बायको त्यात लोकर ठेवायची."

सगळे जरा वेळ त्या खोक्याकडे बघत राहिले, जे तिथे नव्हतं.

"तर किरकोळ नको," बकली म्हणाले. "बाकी काहीही लिहा."

"कुठेच खूण करू नकोस," मार्वा म्हणाली.

ग्लेनरॉयने बहिणीकडे वळून बघितलं. "आत्ता तर म्हणत होतीस, लिही आणि आत शिर!"

"आत्ता मी जेवत होते."

"आणि नाहीच घेतलं त्यांनी, तर?" हे ऑल्विननी विचारलं. ते नातीकडे बघत नव्हते. गुडघा चोळत होते. "मी कुरकुर करत नाहीये. नुसतं विचारतोय."

केझायाने कागद पुढे ओढला. कागदावर अर्बनचा चौकोन होता, आणि त्यात एक रेघ मारली की गाणं नक्की लागणार होतं. रात्री अकराला, पण लागणार होतं. ग्रँडॅडना एक दिवस जागं ठेवता आलं असतं, कॉफी पाजून. ते जागले असते. सोफ्यावर ताठ बसून जागले असते, आणि वर आभार मानले असते.

तिने पेन घेतलं. चौकोन सगळे तसेच ठेवले. त्यांच्याखाली दोन बोटं जागा होती, तिथे लिहायला सुरुवात केली: बास, एगबर्ट बकली. ड्रम, लॅशली. गिटार, पोर्टर. ऑर्गन, अँड्रियास. आवाज, ऑल्विन पिनॉक. रचना, केझाया पिनॉक.

"आणि?" ग्लेनरॉय म्हणाला.

"आणि काय ते तुम्ही सांगा, डॅड."

ग्लेनरॉयने घसा साफ केला, प्रार्थनेआधी करतो तसा. "काळ्या माणसांनी केलेलं," त्याने सांगितलं. तिने लिहिलं.

"आणि एका सायप्रसच्या पोराने," बकली म्हणाले. "तो फार मेहनती होता."

तेही लिहिलं.

"दिवसा ऐकण्याजोगं," ऑल्विन म्हणाले.

सहाला आठ मिनिटं कमी असताना कागद गेला.

सोमवारी दुपारी अल्बियन रेडिओवरच्या बाईंचा फोन आला. त्या फार सौजन्याने बोलल्या. खूण नसलेला अर्ज त्यांचं यंत्र तसाच पुढे पाठवत नाही. असा अर्ज यंत्र आपोआप 'इतर'मध्ये टाकतं. 'इतर'मध्ये सध्या स्कॉटलंडचे बॅगपाइप होते आणि पक्ष्यांचे आवाज होते. 'इतर'साठी रात्रीचा वेगळा कार्यक्रम नव्हता. कोणाला कधी सुचलाच नव्हता. बैठकीतल्या एकाला मात्र खाली लिहिलेली ओळ आवडली होती. तेव्हा मंगळवारी सकाळी अकरा वीसला, वाहतुकीच्या बातम्यांनंतर. एकदा. पुढचं पुढे.

मंगळवारी ग्लेनरॉय बसवर होता. अकरा वीसला त्याने बस एका थांब्यावर नेहमीपेक्षा चार मिनिटं जास्त उभी केली आणि प्रवाशांना गाडीत बिघाड असल्याचं सांगितलं. हे पाप त्याने पुढच्या रविवारी स्वतःच कबूल केलं. मार्वाने कचेरीत दार लावून घेतलं. केझाया पुढच्या खोलीच्या दारात उभी राहिली, कारण सोफ्यावर जागा नव्हती. तिथे दोन म्हातारे सूट घालून बसले होते.

वाहतूक संपली. निवेदकाने गाण्याचं नाव सांगितलं, केझायाचं सांगितलं, आणि मग कागदावरची बाकीची नावंही वाचली, एकेक करून. लॅशली. पोर्टर. अँड्रियास. बकलींनी प्रत्येक नावाला मान हलवली, हजेरी घेणाऱ्या मास्तरासारखी.

मग गाणं लागलं. बारा सेकंदांनी ग्रॅमच्या कापडामागून बेचाळीस वर्षांचे ऑल्विन पिनॉक बोलले. तरुण, उर्मट, हॉलला उठवणारे. सोफ्यावरच्या ऑल्विननी टाय सरळ केला. शेजारचे नक्की ऐकत असतील. सगळं डेटफर्ड ऐकत असेल.

"बास खाल्ला," बकली म्हणाले.

"काय?"

"रेडिओवाले बास खातात. नेहमीचंच आहे. असू दे."

ऑल्विन उठले. उठायला त्यांना सोफ्याचा हात, मग टेबल, मग ग्रॅमची कड धरावी लागली. त्यांनी बासचं बटण चिमटीत पकडलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. जमीन थरथरली. काचेचे मासे फळीवरून चालू लागले. खिडकीची तावदानं गुणगुणू लागली, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एम्परर पिनॉकचा आवाज बुडून गेला. शब्द तर ऐकूच येईनात.

ते परत येऊन बसले. "आता?" त्यांनी विचारलं.

बकलींनी डोळे मिटले होते. डावा हात गुडघ्यावर होता, आणि बोटं चालत होती.

"गप बस, ऑल्विन," ते म्हणाले. "ऐकू दे."